चार तारा, फुल्ल थ्रिल!

केळी, कापूस, सोनं, भरीत आणि शेवभाजी. खान्देश म्हटलं की बाहेरच्यांची यादी इथेच संपते. फार तर त्यात ४५ अंशांचा मे महिना जोडला जातो. या यादीत व्हायोलिन कुठे बसतं? कुठेच नाही, असंच कुणीही सांगेल. आपल्यापैकी बहुतेकांना व्हायोलिन ठाऊक असतं ते हिंदी सिनेमातलं. हिरोची आई वारली की पन्नास व्हायोलिनं एकदम रडतात, हिरॉइन परत आली की तीच पन्नास हसतात. एकटं, एकाच माणसाच्या हातातलं, समोर फक्त तबला घेऊन तासभर पेटलेलं व्हायोलिन आपण ऐकतो कुठे?

मी ऐकलं ते जळगाव आणि धुळ्याच्या मध्ये. आणि सांगते, गिटारवाल्या कुठल्याही बँडइतकंच ते अंगावर येतं. फरक इतकाच, की इथे अँप्लिफायरची भिंत नाही. चार तारा आहेत, घोड्याच्या शेपटीच्या केसांचा एक गज आहे आणि दोन हात.

जुगलबंदीचा शॉक

सुरुवात झाली ती एका मित्राने पाठवलेल्या लिंकमुळे. उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांची शहनाई आणि पंडित व्ही. जी. जोग यांचं व्हायोलिन. जोग म्हणजे विष्णु गोविंद जोग (१९२२-२००४), मराठी माणूस, पण आयुष्याचा मोठा काळ लखनौ आणि कोलकात्यात गेलेला. १९८३ मध्ये पद्मभूषण. या दोघांच्या जुगलबंद्या एकेकाळी देशभर गाजल्या, पण माझ्या पिढीतल्या किती जणांनी त्या ऐकल्यात? मित्राचा मेसेज एका ओळीचा होता, ‘शेवटची दहा मिनिटं ऐक, मग बोल.’

शहनाई हे फुंकीचं वाद्य. श्वास आहे तोवर सूर. बिस्मिल्ला खाँ एक वाक्य टाकतात, जोग ते जसंच्या तसं उचलतात. शहनाईचा सूर जिथे किंचित थरथरतो, तिथे गजही थरथरतो. मग लय वाढते. वाक्यं लहान होत जातात, चार मात्रांची, दोन मात्रांची. कोण सवाल करतोय आणि कोण जवाब देतोय, हे कळेनासं होतं. शेवटी दोघं एकत्र समेवर येतात आणि श्रोत्यांमधून जो आवाज उठतो तो टाळ्यांचा कमी आणि सुटकेच्या श्वासाचा जास्त असतो.

मी शेवटची दहा मिनिटं ऐकली. मग सगळं पहिल्यापासून ऐकलं. आणि मग एकच प्रश्न डोक्यात राहिला. हे करतात कसं?

पडदेच नाहीत, बॉस!

सतारीला पडदे असतात. गिटारला फ्रेट्स असतात. पेटीला पट्ट्या असतात, काळी दाबा, पांढरी दाबा, सूर तयार. व्हायोलिनला यातलं काहीच नाही. काळी गुळगुळीत पट्टी आणि तिच्यावर चार तारा. सूर कुठे आहे हे फक्त बोटाला आणि कानाला माहीत.

आता थोडं गणित करू. तारेची वाजती लांबी साधारण ३३ सेंटीमीटर. तारेच्या सुरुवातीला दोन लगतच्या सुरांमधलं अंतर सुमारे पावणेदोन सेंटीमीटर. एक सप्तक वर गेलात की तेच अंतर निम्मं होतं. एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे झालं की जाणता कान लगेच पकडतो. आणि द्रुत लयीत मिनिटाला ३०० मात्रा चालल्या असतील, एका मात्रेत दोन सूर येत असतील, तर एका सेकंदात दहा सूर झाले. म्हणजे एका सेकंदात दहा वेळा बोटाने बरोबर त्या मिलिमीटरवर पडायचं. बघायला वेळ नाही, चाचपायला वेळ नाही.

हे झालं डाव्या हाताचं. उजव्या हातात जेमतेम साठेक ग्रॅमचा गज. तो किती दाबायचा, कुठे हलका करायचा, कुठे उलटा फिरवायचा यावर सुराचा जीव ठरतो. थोडा जास्त दाब, की दार करकरल्यासारखा आवाज. थोडा कमी, की सूर हवेत विरला.

थ्रिल इथे आहे. दोरीवर चालणारा माणूस वेगाने पळू लागला तर आपण श्वास रोखतो ना? इथे दोरी म्हणजे सूर.

दोन जोग आणि बाकीची मंडळी

व्हायोलिन मूळचं युरोपातलं. आपल्याकडे ते आधी दक्षिणेत रुजलं. १९व्या शतकात मुत्तुस्वामी दीक्षितारांचे धाकटे भाऊ बालुस्वामी यांनी ते कर्नाटक संगीतात आणलं, असं मानलं जातं. आपल्या लोकांनी त्याची बैठकच बदलून टाकली. युरोपात ते हनुवटीखाली धरून उभ्याने किंवा खुर्चीत बसून वाजवतात. आपला कलाकार मांडी घालून बसतो, वाद्याचं एक टोक छातीखांद्याशी आणि दुसरं उजव्या पावलावर टेकवतो. वाद्य असं दोन्हीकडून स्थिर झालं की डावा हात मोकळा होतो आणि तारेवरून सरसर घसरू शकतो. मींड त्यातूनच निघते. तारा मिळवायची पद्धतही बदलली, सा आणि प यांच्या जोड्यांत. पाहुणा घरात आला आणि घरचाच झाला.

हिंदुस्थानी संगीतात व्हायोलिनला मानाची जागा मिळवून देणाऱ्यांत मराठी आणि गोव्याची नावं भरपूर आहेत. गाणं आणि व्हायोलिन दोन्हींत मातब्बर असलेले पं. गजाननराव जोशी. गोव्याचे श्रीधर पार्सेकर. पलुस्करांच्या गायकीचा संस्कार व्हायोलिनवर उतरवणारे पं. डी. के. दातार (१९३२-२०१८). आणि व्ही. जी. जोग.

इथे एक गोंधळ टाळूया. आपल्या घरांत ‘जोगांचं व्हायोलिन’ म्हटलं की आई-बाबांना आठवतात ते प्रभाकर जोग (१९३२-२०२१). सुधीर फडक्यांसोबत ‘गीतरामायणा’त साथ करणारे आणि ‘गाणारं व्हायोलिन’ घराघरांत नेणारे. त्यांच्या गजातून गाण्याचे चक्क शब्द ऐकू यायचे. माझ्यासारखीने लहानपणी नकळत ऐकलेलं पहिलं व्हायोलिन हेच.

शास्त्रीय वादनातही असे दोन रस्ते दिसतात. एक गायकी अंगाचा. त्यातलं सर्वांत मोठं नाव डॉ. एन. राजम. जन्म १९३८ चा. घरची परंपरा कर्नाटक संगीताची, भाऊ टी. एन. कृष्णन कर्नाटक व्हायोलिनमधले दिग्गज, पण राजम ओंकारनाथ ठाकुरांकडे शिकल्या आणि ख्याल-ठुमरी व्हायोलिनवर अशी आणली की डोळे मिटले तर कुणीतरी गातंय असंच वाटावं. दुसरा रस्ता तंतकारीचा. त्यात सतार-सरोदसारखे छंद, बोल, झाला, लयीशी खेळ. व्ही. जी. जोगांच्या वादनात ही चमक ठासून भरलेली. पहिल्या रस्त्यावर तुम्ही विरघळता, दुसऱ्यावर उडता. कुठला चांगला, ही भांडणं जाणकारांनी करावीत. नवशिक्यांनी दोन्हींची मजा घ्यावी.

आलाप एरंडोलपर्यंत

आता तुम्ही म्हणाल, एवढा वेळ कुणाला आहे? एक राग तासभर! आपल्याला तर तीन मिनिटांचं गाणंही पुढे ढकलून ऐकायची सवय.

माझा उपाय एसटी. कामानिमित्त माझ्या जळगाव-धुळे फेऱ्या चालू असतात. सुमारे ९० किलोमीटर, अडीच तास धरून चालायचं. पाळधी, एरंडोल, पारोळा, धुळे. खिडकीबाहेर कपाशी, केळी, मध्येच उघडं माळरान. लॅपटॉप उघडता येत नाही, रेंज येते-जाते. एका मोठ्या रागाला याहून चांगली जागा नाही.

जळगाव सुटताना लावलेला आलाप एरंडोलपर्यंत चालतो. तबला नाही, ताल नाही. वादक एकेका सुराच्या घरी जाऊन बसून येतो. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत इथे झोप लागते, लागू द्या. पुढे मात्र कान शोधू लागतो, आता हा वरच्या सा ला कधी हात लावणार? तो मुद्दाम लावत नाही. नी पर्यंत जातो, परत येतो. एखाद्या थ्रिलरमध्ये दाराबाहेर पावलं वाजतात आणि दार उघडत नाही, तसं. मग विलंबित गत, मग द्रुत. पारोळा मागे पडलेलं असतं आणि झाला सुरू झालेला असतो. गजाचे तुकडे तुकडे पडतात, एका तारेवर स्वर, दुसऱ्या तारेवर नाद, खाली तबला धावत असतो.

अशाच एका फेरीत शेजारी एक आजीबाई होत्या, मांडीवर पिशवी, पिशवीत मेथीच्या जुड्या. माझं तल्लीन ध्यान बघून त्यांनी विचारलंच, “काय ऐकी ऱ्हायनी वं माय?” मी एक इअरफोन त्यांच्या कानात दिला. राजमबाईंचा आलाप चालू होता. आजी मिनिटभर ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, “हाई ते रडी ऱ्हायनं!” आणि इअरफोन काढला नाही.

शास्त्रीय संगीत ‘कळावं लागतं’ म्हणणाऱ्यांना मी हा किस्सा ऐकवते.

मे महिना आणि खुंट्या

ऐकण्याचं वेड लागलं की वाजवणारा शोधावासा वाटतो. धुळ्यात एका घराच्या पुढच्या खोलीत चालणाऱ्या व्हायोलिनच्या क्लासला मी जाऊन बसले. सातवीतली एक मुलगी एकच सा वाजवत होती. गज या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश. मग उलटा. पुन्हा तेच. वीस मिनिटं! सरांना विचारलं, हिला कंटाळा नाही येत? ते म्हणाले, “येतो की. मलाही येतो. पण हा गज सरळ झाला नाही तर पुढचं सगळं वाकडं.”

सेकंदाला दहा सुरांचा पाया हा असा. एका सेकंदात एकही नवा सूर नाही.

सरांची दुसरी लढाई हवामानाशी. व्हायोलिन म्हणजे पातळ लाकडाच्या तुकड्यांची डिंकासारख्या सरसाने जोडलेली पेटी. खान्देशातल्या कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आकसतं, खुंट्या सैल होऊन घसरतात, तारा आपोआप उतरतात. ऊन जास्त लागलं तर जोडही सुटू शकतो. पावसाळ्यात उलटं, लाकूड फुगतं आणि खुंटी फिरता फिरत नाही. म्हणून मे महिन्यात वाद्य पेटीत, पेटी घरातल्या सर्वांत थंड कोपऱ्यात. दुपारी गाडीच्या डिकीत तर अजिबात नाही.

आणि तिसरी लढाई पालकांशी. सर हसत सांगत होते, पण ते हसण्यासारखं नव्हतं. नवीन मूल आलं की पहिला प्रश्न येतो, गाणं कधी वाजवेल? टीव्हीवरच्या शोसाठी किती दिवसांत तयार होईल? आणि चार-पाच वर्षांनी हात खरोखर चालू लागतो तेव्हा दहावी येते. व्हायोलिन माळ्यावर जातं. बारावी होते, मग पुणे, मग नोकरी. माळ्यावरचं व्हायोलिन तिथेच राहतं. ‘तुमच्या पिढीतले काही आता पुण्यात साहेब झालेत,’ सर म्हणाले, ‘भेटले की म्हणतात, सर, पुन्हा सुरू करायचंय.’

ही ओळ वाचून कुणाला आपला माळा आठवला असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

ही सर्कस आहे का?

वेगाचं एवढं कौतुक करत होते, तेव्हा धुळ्यातल्या आमच्या ओळखीच्या एका काकांनी मला अडवलं. बँकेतून रिटायर, घरी पेटी, जुन्या नाट्यसंगीताचे भक्त. मी त्यांना पागानिनी ऐकवला होता.

निकोलो पागानिनी (१७८२-१८४०) हा इटालियन वादक म्हणजे व्हायोलिनचा पहिला रॉकस्टार. इतका अचाट वाजवायचा की यानं सैतानाशी सौदा केलाय, अशा अफवा उठायच्या. त्याचे २४ ‘काप्रीस’ १८२० मध्ये छापले गेले आणि आजही जगभरचे व्हायोलिनवादक त्यांच्यापुढे हात जोडतात. २४वा सर्वांत प्रसिद्ध, एक छोटीशी धून आणि तिची ११ रूपं, शेवटी धमाका. एका रूपात तर डावा हात सूर दाबता दाबता त्याच हाताच्या बोटांनी तारा छेडतो. साथीला कुणीच नाही.

काका म्हणाले, “पोरी, ही सर्कस आहे. चांगली आहे, पण सर्कस.”

मग मी बाख लावला. योहान सेबास्टियन बाखची ‘शाकोन’, १७२० च्या हस्तलिखितातली. एकटं व्हायोलिन, साधारण पंधरा मिनिटं. चार मापांचा एक छोटा आराखडा पुन्हा पुन्हा येतो आणि दर वेळी त्यावर नवी इमारत उभी राहते. आपल्याकडे एकाच आवर्तनात वेगवेगळ्या जागा घेत समेवर यावं, तशातलाच प्रकार. अवघड म्हणाल तर पागानिनीच्या तोडीचा, पण अवघडपणा कुठे मिरवत नाही. काका गप्प ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, “परत लाव.”

त्यानंतर त्यांनी दिलेली टीप मी आजही वापरते. “तानेतले सूर मोजत बसू नकोस. तान संपल्यावर सा कुठे पडतो ते बघ.” ट्राय करा. भन्नाट वेगाने धावून आलेला वादक ज्या सुरावर थांबतो, तो सूर स्वच्छ, भरलेला, जागच्या जागी असेल तर आधीची सगळी धाव खरी. तो डगमगला तर सर्कस. पागानिनीच्या बाबतीत आमचं भांडण अजून मिटलेलं नाही. मला तोही आवडतो.

मान दुखतेय? मेन्यूहिनला विचारा

दिवसभर स्क्रीनपुढे बसून मान-खांदे धरणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट. विसाव्या शतकातला महान व्हायोलिनवादक यहुदी मेन्यूहिन १९५२ मध्ये भारतात आला होता. शरीराच्या तक्रारींनी बेजार. मुंबईत त्याची भेट पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांशी झाली. पुढे अय्यंगार त्याला योग शिकवायला परदेशी जात राहिले आणि पाश्चात्त्य जगाला त्यांची ओळख होण्यात मेन्यूहिनचा मोठा वाटा होता. त्याने अय्यंगारांना एक घड्याळ भेट दिलं. त्यावर कोरलेलं होतं, की हे माझ्या सर्वोत्तम व्हायोलिन शिक्षकाला. ज्यांनी कधी गज धरायला शिकवला नाही, त्यांना! याच मेन्यूहिनने रविशंकरांसोबत १९६७ मध्ये ‘वेस्ट मीट्स ईस्ट’ हा अल्बम केला.

लाइव्ह कुठे?

पाश्चात्त्य व्हायोलिन प्रत्यक्ष ऐकायचं तर मुंबई गाठावी लागते. एनसीपीएमध्ये २००६ साली स्थापन झालेला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. जळगावकरांना रात्रीची गाडी आहेच.

पण हिंदुस्थानी संगीतासाठी जळगावला कमी लेखू नका. बालगंधर्व लहानपणी इथेच मेहबूब खाँ यांच्याकडे गाणं शिकले. त्यांच्या नावाचा बालगंधर्व संगीत महोत्सव इथे जानेवारीत रंगतो. खान्देशातल्या थंडीत शाल घेऊन बसायचं आणि गाणं-वाजवणं ऐकायचं. कार्यक्रमपत्रिकेत व्हायोलिन असो वा नसो, कान तयार होतो तो अशाच बैठकींत. आणि समोर कान तयार असेल तरच सातवीतल्या त्या मुलीने वीस मिनिटं सा वाजवण्याला अर्थ आहे.

सुरुवात करताय? हे करा

• पहिला आठवडा: व्ही. जी. जोग आणि बिस्मिल्ला खाँ यांची कुठलीही जुगलबंदी. शेवटापासून सुरू केली तरी चालेल.

• दुसरा आठवडा: एन. राजम. रात्री, दिवे कमी करून. जमल्यास त्यांच्या नाती रागिणी आणि नंदिनी शंकर यांचंही वादन ऐका. तीन पिढ्या एकाच वाद्यावर!

• तिसरा आठवडा: डी. के. दातार. घाई अजिबात नाही, म्हणून हातातलं काम ठेवून.

• चौथा आठवडा: आधी पागानिनीचा २४वा काप्रीस, लगेच बाखची शाकोन. सर्कस की संगीत, तुम्हीच ठरवा.

• फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. बऱ्यापैकी हेडफोन हवेतच, नाहीतर गजाची खरखर ऐकू येईल आणि त्याचा श्वास हरवेल.

• प्रत्यक्ष कार्यक्रमात कलाकाराचा उजवा हात दिसेल अशी जागा पकडा. डाव्या हाताची बोटं सगळेच बघतात. रडतो-हसतो तो गज.